तीस येनांचे पिल्लू आणि शेतीचे प्राध्यापक

टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर एका कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. धन्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दहा वर्षे स्थानकावर येऊन त्याची वाट पाहणाऱ्या हाचिकोची ही गोष्ट आता जगभर ठाऊक आहे. १९८७ साली जपानी भाषेत आणि २००९ साली इंग्रजीत तिच्यावर चित्रपट निघाले आणि ते पाहून डोळे पुसणारे आपल्याकडेही पुष्कळ भेटतील. मात्र ज्याची वाट पाहिली गेली तो माणूस कोण होता, असे विचारले तर बहुतेकांना तो कोणी एक प्राध्यापक होता, यापलीकडे काही सांगता येत नाही. या प्राध्यापकांचे नाव हिदेसाबुरो उएनो. जपानच्या भातशेतीची मांडणीच बदलून टाकणाऱ्या शास्त्राचे ते प्रवर्तक होते. नामशेष होऊ घातलेल्या एका देशी जातीचे पिल्लू त्यांनी हौसेने विकत घेतले. त्या हौसेची किंमत पुढे कोणाकोणाला आणि किती वर्षे चुकवावी लागली, हे पाहिले की ओळखीच्या कथेचा रंग बराच बदलतो.

उएनो यांचा जन्म १८७२ चा. मिए प्रांतातील हिसाइ हे त्यांचे गाव. आज ते त्सु शहरात समाविष्ट झाले आहे. मेइजी राज्यक्रांतीला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. सरंजामशाही मोडून जपान रेल्वे, पोलाद आणि विद्यापीठे यांच्या मागे लागला होता. हुशार मुलाने कायदा शिकावा, सैन्यात जावे किंवा यंत्रविद्या घ्यावी, असा तो काळ. उएनो यांनी शेती निवडली. १८९५ साली ते टोकियोच्या शाही विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयातून पदवीधर झाले, तेथेच पुढील अभ्यासासाठी राहिले आणि यथाकाल अध्यापक झाले. मधल्या काळात युरोप-अमेरिकेत जाऊन त्यांनी तेथील शेतीची बांधणी अभ्यासली. १९११ साली त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न दिसायला रूक्ष होता. जपानी शेतकऱ्याची जमीन लहान लहान वेड्यावाकड्या तुकड्यांत विखुरलेली असे. एका तुकड्याचे पाणी दुसऱ्यातून वाहत जाई, तिसऱ्यात जायला वाट नसे. घोड्याने नांगरट करायची तर वळायलाही जागा नाही. पाण्याचा निचरा होत नसल्याने वर्षभर चिखलात राहणारी शेतेही थोडीथोडकी नव्हती. गावातल्या सर्वांनी मिळून बांध मोडावेत, तुकडे एकत्र करून सरळ रेषेत नव्याने आखावेत, प्रत्येक शेताला पाणी, निचरा आणि रस्ता मिळावा, अशी ही योजना. तिच्यासाठी १८९९ साली कायदाही झाला. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गटवारीच्या वेळी गावोगाव जे वादंग झाले, ते ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे काम किती अवघड असते हे सांगायला नको. कागदावर रेषा ओढणे सोपे, पण आजोबांच्या काळचा बांध सोडायला कोणी तयार नसतो. शिवाय मोजणी, पाण्याची पातळी, कालव्याचा उतार हे सगळे जाणणारी माणसे लागतात. ती माणसे उएनो यांनी घडवली. विद्यापीठातील वर्गांखेरीज सरकारी तंत्रज्ञांसाठी चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतही ते शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या तंत्रज्ञांची संख्या तीन हजारांच्या घरात सांगितली जाते. १९०५ साली या विषयावरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जपानमध्ये कृषी अभियांत्रिकी या शाखेचा आरंभ त्यांच्यापासून धरतात.

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले. मृतांचा आकडा लाखाच्या वर गेला. राजधानी पुन्हा उभी करताना जुन्या गल्लीबोळांच्या जागी सरळ रस्ते आणि नव्याने आखलेले भूखंड करायचे ठरले. शेतजमिनीच्या मांडणीसाठी तयार झालेली विद्या आणि उएनो यांचे विद्यार्थी आता शहराच्या कामी आले. ज्या शास्त्राकडे खेड्यापाड्यांचे म्हणून पाहिले जात होते, त्याने महानगराच्या पुनर्रचनेला हात दिला, हे त्यांच्या आयुष्यातील मोठे यश म्हटले पाहिजे. स्वतः उएनो यांचे घर शिबुयाला होते. हा भाग तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर पश्चिमेला होता आणि आगीच्या तडाख्यातून बऱ्यापैकी वाचला होता.

या धामधुमीतच, भूकंपानंतर साडेचार महिन्यांनी, त्यांच्या घरी ते पिल्लू आले.

उएनो यांना कुत्र्यांची आवड पूर्वीपासून होती. जॉन आणि एस नावाचे परदेशी जातीचे दोन कुत्रे घरी होतेच. हौशी जपानी माणसाने पाश्चात्त्य कुत्रा पाळावा, ही त्या काळातील रीतच होती. उएनो यांच्या मनात मात्र शुद्ध जातीचा अकिता पाळायचे होते. आता अकिता म्हणजे जपानचा मानबिंदू, पण तेव्हाची स्थिती अगदी वेगळी होती.

होन्शू बेटाच्या उत्तरेकडील अकिता प्रांतात, ओदातेच्या परिसरात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या होती. बर्फाळ डोंगरात शिकाऱ्यांबरोबर जाणारी, ताठ कानांची, पाठीवर वळलेल्या शेपटीची, दुहेरी दाट केसांची ही जात. ओदातेला कुत्र्यांच्या झुंजींचे वेड होते. मेइजी काळात झुंजीसाठी अधिक थोराड जनावरे हवीत म्हणून त्यांचा तोसा आणि मास्टिफसारख्या जातींशी संकर करण्यात आला. परिणाम व्हायचा तोच झाला. कान पडले, शेपट्या सैल झाल्या आणि मूळचा अकिता शोधूनही सापडेना. १९१९ साली जपानने ऐतिहासिक स्थळे, निसर्गरम्य ठिकाणे आणि नैसर्गिक ठेवे यांच्या जतनाचा कायदा केला. आपण किल्ले आणि लेणी संरक्षित म्हणून जाहीर करतो, तशी तेथे एखादी प्राण्याची जातही जाहीर करता येते. त्या दृष्टीने तज्ज्ञ मंडळी ओदातेला जाऊन कुत्री पाहून आली, पण एवढी भेसळ झालेली जात राष्ट्रीय ठेवा कशी ठरवावी, या विचाराने हात हलवत परतली. त्या धक्क्यातून ओदातेतील काही जाणती माणसे जुने वाण पुन्हा सांभाळू लागली, आणि १९२७ साली तेथे अकितांच्या जतनासाठी संस्था निघाली. उएनो यांनी पिल्लाची मागणी केली ती या दोन्हींच्या मधल्या काळात. तेव्हा या जातीचे भवितव्य पूर्ण अधांतरी होते.

त्यांचा एक जुना विद्यार्थी अकिता प्रांतात शेतजमिनीच्या कामांचा अधिकारी होता. गुरुजींची इच्छा त्याने मनावर घेतली. १० नोव्हेंबर १९२३ रोजी ओदातेजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले एक पिल्लू ठरले. किंमत तीस येन. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण त्या काळी नव्याने नोकरीला लागलेल्या प्राथमिक शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला असता. भाताच्या शेतावर राबणाऱ्या मजुराने तर एका कुत्र्यासाठी एवढी रक्कम मोजण्याचा विचारही केला नसता. विद्यापीठाच्या प्राध्यापकाला ती परवडली. दुर्मीळ वस्तूची किंमत तिच्या दुर्मीळपणामुळे चढते हे खरे. तरी या तीस येनांनी ओदातेच्या शेतकऱ्याला एवढे तर नक्कीच कळले असेल, की भेसळ न केलेल्या कुत्र्यालाही राजधानीत गिऱ्हाईक आहे. जुनी जात टिकायची तर अशा गिऱ्हाइकांचीही गरज असते.

१४ जानेवारी १९२४ रोजी दोन महिन्यांचे ते पिल्लू गवताच्या पोत्यात घालून रेल्वेच्या सामानाबरोबर रवाना झाले. बाहेर ऐन हिवाळा. सुमारे वीस तासांच्या प्रवासानंतर ते टोकियोच्या उएनो स्थानकावर उतरले. (स्थानकाच्या आणि प्राध्यापकांच्या नावात साम्य आहे एवढेच, दोघांचा काही संबंध नाही.) पिल्लू इतके मलूल झाले होते, की ते जगते की नाही अशी शंका यावी. उएनो यांनी त्याला आपल्या पलंगाखाली झोपवले, त्याच्या पोटाची आणि पथ्याची काळजी घेतली. त्याचे नाव ठेवले हाची, म्हणजे आठ. जपानमध्ये हा आकडा शुभ मानतात. काहींच्या मते पिल्लाच्या पुढच्या पायांची ठेवण आठ या चिनी अक्षरासारखी होती, म्हणून हे नाव पडले. त्यापुढचा 'को' हा आदराचा प्रत्यय त्याला कीर्तीबरोबर पुढे लागला.

कुत्र्याची किंमत एकदाच चुकवायची असते, पोसण्याचा खर्च मात्र रोजचा. पूर्ण वाढलेला अकिता नर तीस-चाळीस किलोंच्या घरात जातो आणि त्याचे पोट उष्ट्या भातावर भरत नाही. त्यातही त्या काळी पैसे असून उपयोग नसे अशा गोष्टी होत्या. कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर खात्रीची लस नव्हती. कितीतरी महागडी पिल्ले वर्षाच्या आत दगावत. डासांमुळे पसरणाऱ्या हृदयातील जंतांवर प्रतिबंधक औषध नव्हते. महिन्याकाठी एक गोळी देऊन हा रोग टाळता येतो, ही सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. हाचीच्या वाट्याला हा रोग पुढे आलाच.

प्राध्यापक रोज आगगाडीने कामावर जात आणि हाची रोज त्यांना स्थानकावर सोडायला जाई, असे चित्रपटांत दाखवतात. ते तितकेसे बरोबर नाही. कृषी महाविद्यालय कोमाबाला होते आणि शिबुयाच्या घरापासून तेथे पायी जाता येत असे. बहुतेक दिवशी उएनो चालतच जात आणि हाची महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत त्यांच्या सोबत असे. निशिगाहाराच्या कृषी संशोधन केंद्रावर जायचे असेल किंवा परगावी दौरा असेल, तेव्हा शिबुया स्थानक. दौऱ्यावरून ते केव्हा परततील याचा काही नेम नसे. म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने स्थानक हे धनी जिथे दीर्घकाळ नाहीसा होतो आणि मग कधीतरी अचानक परत येतो, असे ठिकाण होते. पुढे त्याने कोमाबाचे फाटक सोडून स्थानकच का धरले, याचा उलगडा यात होतो असे मला वाटते.

हा सहवास एकूण सोळा महिन्यांचा. २१ मे १९२५ रोजी महाविद्यालयातील बैठकीनंतर उएनो कोसळले. मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. वय ५३. मुलगा-मुलगी सोडाच, कायद्याच्या नजरेत त्यांना पत्नीही नव्हती.

येथे त्यांच्या घरातल्या एका व्यक्तीची ओळख करून द्यायला हवी. याएको साकानो या त्यांच्याबरोबर अनेक वर्षे संसार करत होत्या. शेजारपाजारचे आणि विद्यार्थी त्यांना प्राध्यापकांची पत्नी म्हणूनच ओळखत. पण उएनो यांच्या घरच्यांनी त्यांच्यासाठी दुसरीच मुलगी ठरवली होती आणि याएकोंशी विवाहाला त्यांची संमती नव्हती. तत्कालीन जपानी कायद्यात कुटुंबप्रमुखाच्या संमतीला मोठे वजन होते आणि सरकारदरबारी नोंद झाल्याशिवाय विवाह विवाह ठरत नसे. ही नोंद कधीच झाली नाही. शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे जोडण्यासाठी कायदा कोळून प्यायलेल्या माणसाने आपल्या घरापुरती ही एक कागदी बाब अशीच राहू द्यावी, याचे आश्चर्य वाटते. कदाचित अजून खूप वर्षे हातात आहेत असे त्यांना वाटले असेल. परिणाम एवढाच, की उएनो गेले आणि याएकोंचा त्या घरावर, मिळकतीवर काहीही हक्क उरला नाही. त्यांना घर सोडावे लागले. त्यांच्यामागे तीन कुत्री होती, आणि त्यातला एक हा तरणाबांड अकिता.

अंत्यविधीच्या दिवसांत हाचीने अन्न घेतले नाही, तो प्राध्यापकांचे कपडे ठेवलेल्या कोठीत पडून राहिला. त्यानंतर त्याची या घरातून त्या घरात रवानगी सुरू झाली. याएकोंच्या एका नातेवाइकांचे निहोनबाशी भागात किमोनोच्या कापडाचे दुकान होते. तेथे हा भला मोठा कुत्रा प्रेमाने गिऱ्हाइकांच्या अंगावर उडी घेई. कापडाच्या दुकानदाराला ही माया परवडणारी नव्हती. मग आसाकुसातील दुसरे घर. तेथूनही तो कित्येक किलोमीटर तुडवत शिबुयाला पळून येई. पुढे उएनो यांच्या शिष्यांच्या मदतीने याएकोंना सेतागाया येथे राहते घर मिळाले, तेव्हा त्यांनी हाचीला आपल्याजवळ आणले. सेतागाया तेव्हा शेतांचा भाग होता. हाची शेतांतून उधळे, पिके तुडवी आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी येत. ज्या माणसाने जन्मभर शेतांची आखणी केली, त्याच्या कुत्र्याने शेते तुडवावीत आणि बोलणी त्याच्या निराधार सहचारिणीने खावीत!

याएको चहाविधी आणि पुष्परचना शिकवून गुजराण करत होत्या. असे जनावर सांभाळण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते, आणि हाचीचे मनही तेथे नव्हते. अखेर १९२७ च्या सुमारास त्यांनी त्याला किकुसाबुरो कोबायाशी यांच्या स्वाधीन केले. कोबायाशी हे उएनो यांच्या घरी येणारे माळी. त्यांनी हाचीला पिल्लू असल्यापासून पाहिले होते. ते शिबुयाजवळच तोमिगाया येथे राहत. उरलेली सात-आठ वर्षे हाचीचे खाणेपिणे, आजारपण या माळीबुवांनी निभावले. चित्रपटांत त्यांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. प्राध्यापकाने सोळा महिने पाळलेल्या कुत्र्याला त्याच्या कितीतरी पट काळ एका कष्टकरी माणसाने पोसले. पण हाची सकाळ-संध्याकाळ जाई ते आधी जुन्या घरात डोकावायला आणि मग स्थानकावर.

स्थानकावर सुरुवातीला त्याचे स्वागत झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. येणारेजाणारे त्याला लाथाडत, टवाळ मुले त्याच्या तोंडावर शाईने मिशा काढत. त्याच्या गळ्यातला पट्टा चोरांनी लांबवला. त्या काळी बिल्ला नसलेली कुत्री पकडून मारण्याची पद्धत होती, त्यामुळे पट्टा जाणे ही साधी चोरी नव्हती. १९२९ मध्ये खरजेने तो मरणाच्या दारात जाऊन आला. त्याचा डावा कान लोंबला तो कायमचाच. ताठ कान ही तर अकिताच्या शुद्धतेची खूण. त्यामुळे ज्याच्यासाठी जातिवंत म्हणून तीस येन मोजले गेले, तो आता लोकांच्या नजरेत एक गावठी, म्हातारा, भटका कुत्रा ठरला.

त्याची जात ओळखली ती हिरोकिची साइतो यांनी. जपानी कुत्र्यांच्या जतनासाठी त्यांनी १९२८ साली संस्था स्थापन केली आणि देशातील उरल्यासुरल्या शुद्ध कुत्र्यांची नोंद घ्यायला सुरुवात केली. शिबुयात दिसलेल्या हाचीचा माग काढत ते माळीबुवांच्या घरापर्यंत पोहोचले आणि त्याची सारी कथा त्यांना कळली. स्थानकावर होणारी त्याची हेळसांड थांबावी या हेतूने त्यांनी वृत्तपत्राला मजकूर पाठवला. ४ ऑक्टोबर १९३२ रोजी तो आसाही या दैनिकात छापून आला आणि हाची एका दिवसात प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३१ मध्ये, अकिता जातीला नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला होता. हा मान मिळवणारी ती पहिली जपानी कुत्र्याची जात. आता तिला एक नायकही मिळाला.

कीर्तीबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर त्याच्यावर टपलेले लोक. हाचीच्या नावाने मिठाई निघाली, देणग्या आल्या, पुतळ्याच्या नावाखाली परस्पर वर्गणी गोळा करण्याचेही प्रकार झाले. ते थांबावेत म्हणून साइतो आणि शिल्पकार तेरु आन्दो यांनी ब्राँझच्या पुतळ्याचे काम नेटाने पुढे नेले. २१ एप्रिल १९३४ रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा हाची स्वतः हजर होता. जिवंतपणी आपला पुतळा पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते! राष्ट्रनिष्ठेचे वारे वाहत असलेल्या त्या जपानने शाळकरी मुलांना हाचीचा धडा शिकवला. धन्याशी इमान म्हणजे सम्राटाशी इमान, हे समीकरण सरकारला सोयीचेच होते. काही टीकाकार मात्र म्हणत, की हा कुत्रा स्थानकाजवळच्या गाड्यांवरील भाजलेल्या कोंबडीसाठी येतो. मला यात विरोध दिसत नाही. वाट पाहणाऱ्यालाही भूक लागतेच.

८ मार्च १९३५ रोजी पहाटे हाची शिबुयाच्या एका गल्लीत मृतावस्थेत आढळला. शवविच्छेदनात हृदयातील जंतांचा विकार स्पष्ट दिसला. पोटात कोंबडीच्या तुकड्यांना लावलेल्या काड्याही निघाल्या. त्याचे अवयव टोकियो विद्यापीठाने जपून ठेवले. २०११ साली आधुनिक तंत्राने ते पुन्हा तपासले, तेव्हा फुप्फुसांत आणि हृदयात कर्करोग असल्याचे आढळले. पेंढा भरलेले त्याचे शरीर टोकियोच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात आहे, आणि त्याचे स्मारक आओयामा स्मशानभूमीत उएनो यांच्या थडग्याशेजारी.

त्याच्या जातीची पुढची दहा वर्षे वाईट गेली. युद्धात माणसांनाच तांदूळ मिळेना, तेथे चाळीस किलोंच्या कुत्र्याला कोण पोसणार? मोठे कुत्रे पाळणे देशद्रोहासारखे पाहिले जाऊ लागले, त्यांची कातडी लष्करासाठी गोळा करण्यात आली. हाचीचा पुतळाही धातूसाठी उतरवून वितळवण्यात आला. त्याचे शिल्पकार तेरु आन्दो १९४५ च्या हवाई हल्ल्यात मारले गेले. युद्ध संपले तेव्हा शुद्ध अकिता मोजकेच उरले होते. अकिता प्रांतातील काही कुटुंबांनी दूर डोंगरात, लपवून, स्वतःच्या ताटातले घालून ती जगवली. ऑगस्ट १९४८ मध्ये तेरु आन्दो यांचे पुत्र ताकेशी यांनी घडवलेला नवा पुतळा शिबुयाला उभा राहिला. तोच आज आपण पाहतो. डावा कान त्याचाही लोंबलेलाच आहे.

आज शुद्ध अकिताच्या पिल्लाची किंमत येनमध्ये लाखांत जाते. चित्रपट पाहून आपल्या महानगरांतही तो घेणारे आहेत. बर्फासाठी घडलेला दुहेरी केसांचा हा प्राणी मुंबईच्या दमट उकाड्यात ठेवायचा म्हणजे वर्षातले बरेच महिने वातानुकूलन यंत्र त्याच्यासाठी चालू ठेवणे आले. शिवाय त्वचेचे आणि प्रतिकारशक्तीचे काही विकार या जातीत अधिक आढळतात, त्यामुळे पशुवैद्याकडे खेटे घालण्याची तयारी हवी. अनोळखी कुत्र्यांशी त्याचे सहसा पटत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर त्यांना तोटा नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने धोकादायक ठरवून बंदी घातलेल्या जातींच्या यादीत अकिताचेही नाव होते. ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात न्यायालयांत टिकले नाही ही गोष्ट वेगळी. पिल्लाच्या किमतीची घासाघीस करणारा माणूस त्यापुढच्या बारा वर्षांचा हिशेब क्वचितच मांडतो, आणि आपण मध्येच गेलो तर हे जनावर कोणाच्या पदरात पडेल, हा प्रश्न तर उएनो यांच्यासारख्या काटेकोर माणसालाही सुचला नव्हता.

उएनो यांची स्वतःची कीर्ती त्यांच्या कुत्र्याच्या सावलीत गेली. जपानच्या भातखाचरांवरून विमान जाते तेव्हा खाली दिसणाऱ्या सरळ चौकोनी रेषांत त्यांचे आयुष्य आहे, पण प्रवाशांपैकी ते कोणाच्या गावीही नसते. त्यांच्या विद्यापीठाला मात्र विसर पडला नव्हता. हाचीच्या मृत्यूला ८० वर्षे झाली, त्या दिवशी, ८ मार्च २०१५ रोजी, टोकियो विद्यापीठाच्या कृषी विद्याशाखेच्या आवारात एक नवा पुतळा बसला. दौऱ्यावरून परतलेले उएनो आणि त्यांच्या अंगावर झेपावणारा हाची. दोघांची भेट झाली.

याएकोंचे काय झाले? १९६१ साली त्या वारल्या. उएनो यांच्या शेजारी विसावावे ही त्यांची इच्छा होती, पण नोंद नसलेल्या पत्नीला कुटुंबाच्या थडग्यात जागा नव्हती. त्यांच्या अस्थी दुसऱ्याच एका मंदिराच्या आवारात राहिल्या. कुत्र्याचे स्मारक धन्याजवळ झाले होते, त्यांचे नाही. दोन्ही कुटुंबांची संमती आणि विद्यापीठातील मंडळींची खटपट यांना अखेर यश आले, आणि मे २०१६ मध्ये याएकोंच्या अस्थींचा काही भाग आओयामा येथे उएनो यांच्या थडग्यात ठेवण्यात आला. प्राध्यापकांच्या मृत्यूला तेव्हा ९१ वर्षे झाली होती.